ग्रिफिथ इव्हान्स

ग्रिफिथ इव्हान्स (जन्म : ७ ऑगस्ट १८३५, टाउइन, वेल्स; मृत्यू : ७ डिसेंबर १९३५, बँगोर, वेल्स) हे ब्रिटिश सैन्यातील पशुवैद्यक अधिकारी व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या काळात, १८८० साली, पंजाबच्या सरहद्दीवरील डेरा इस्माईल खान येथे त्यांनी सर्रा या रोगाने आजारी पडलेल्या घोडे व उंटांच्या रक्तात एक हालचाल करणारा सूक्ष्म परजीवी शोधून काढला आणि तोच या रोगाचे कारण असावा असे प्रतिपादन केले. ट्रिपॅनोसोमा वर्गातील आदिजीव सस्तन प्राण्यांमध्ये रोग उत्पन्न करतात हे दाखवून देणारा हा पहिला शोध होय. हा परजीवी पुढे त्यांच्याच नावाने ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणून ओळखला जाऊ लागला. शोध लागला तेव्हा मात्र वरिष्ठ शास्त्रीय वर्तुळांनी तो मान्य केला नाही. इव्हान्स यांचा यथोचित गौरव होण्यास सदतीस वर्षे लागली.

बालपण आणि शिक्षण

इव्हान्स यांचा जन्म वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेरिऑनेथ परगण्यात, टाउइन गावाजवळच्या ती माउर या शेतवाडीवर झाला. जॉन व मराया इव्हान्स या दांपत्याचे ते एकुलते एक पुत्र. घरची भाषा वेल्श होती आणि घरात गुरेढोरे व घोडे यांचा वावर होता. शेतकऱ्याच्या मुलाने पशुवैद्य होणे त्या काळी फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. जनावरांवरील उपचार बहुतेक ठिकाणी नालबंद व पारंपरिक जाणकार यांच्याच हाती होते. इव्हान्स यांनी मात्र लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात रीतसर शिक्षण घेतले आणि १८५५ मध्ये ते पशुवैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. काही वर्षे त्यांनी इंग्लंडमधील ब्रिजनॉर्थ येथे व्यवसाय केला. १८६० मध्ये ते रॉयल आर्टिलरी या तोफखाना दलात पशुवैद्यक अधिकारी म्हणून दाखल झाले.

तोफखान्याचे सारे बळ त्या काळी घोड्यांवर अवलंबून होते. तोफा व दारूगोळ्याच्या गाड्या ओढायला घोडेच लागत. घोडा लंगडला किंवा आजारी पडला की तोफ जागीच अडून राहत असे. त्यामुळे लष्करी पशुवैद्याचे काम केवळ उपचारापुरते मर्यादित नव्हते. घोड्यांची खरेदी, तपासणी, तबेल्यांची स्वच्छता, चारा, नालबंदी आणि साथीच्या रोगांपासून संरक्षण ही सर्व जबाबदारी त्याच्याकडे असे. एवढे असूनही सैन्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या तुलनेत त्याचा मान कमी होता. इव्हान्स यांच्या शोधाचे पुढे जे झाले त्यामागे ही गोष्टही लक्षात घ्यावी लागते.

कॅनडातील वास्तव्य

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. ब्रिटन व अमेरिकेचे संबंध ताणले गेल्यामुळे ब्रिटिश सरकारने कॅनडातील आपली फौज वाढवली. इव्हान्स यांची नेमणूक त्याच वर्षी माँट्रियल येथे झाली. लष्करी कामातून मिळणारा वेळ त्यांनी वैद्यकशास्त्राच्या अभ्यासाकडे वळवला. मॅकगिल विद्यापीठात प्रवेश घेऊन १८६४ मध्ये त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. प्रबंधासाठी त्यांनी क्षयरोग हा विषय निवडला होता. याच काळात सूक्ष्मदर्शकाच्या वापरात ते निष्णात झाले. जनावरांचा वैद्य आणि माणसांचा डॉक्टर अशा दोन्ही विद्या एकाच व्यक्तीकडे असणे त्या काळी दुर्मीळ होते. मनुष्य व पशू यांचे रोग वेगळ्या कप्प्यांत ठेवून समजत नाहीत ही इव्हान्स यांची धारणा या दुहेरी शिक्षणातून घडली.

१८६४ मध्येच रजा घेऊन ते अमेरिकेत गेले. वॉशिंग्टन येथे त्यांची राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्याशी भेट झाली. त्यानंतर त्यांना संघराज्याच्या सैन्याच्या आघाडीवर जाऊन युद्ध जवळून पाहता आले.

ब्रिटनमध्ये परतल्यावर १८७० मध्ये त्यांचा विवाह कॅथरीन मेरी जोन्स यांच्याशी झाला. त्या इद्रिसिन या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या वेल्श धर्मोपदेशक व लेखकाच्या कन्या होत्या.

भारतातील नेमणूक

१८७७ मध्ये इव्हान्स भारतात आले. युरोपात हा काळ जंतुशास्त्राच्या उदयाचा होता. आदल्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी काळपुळी या रोगाच्या जंतूचे जीवनचक्र उलगडून दाखवले होते. तरीही एखाद्या सूक्ष्म जीवामुळे एखादा विशिष्ट रोग होतो हा विचार सर्वांना पटलेला नव्हता. भारतातील अनेक अधिकारी रोगांचे मूळ हवा, दलदल, पाणी, उष्मा किंवा निकृष्ट चारा यांत शोधत. इव्हान्स यांनी भारतात आल्यानंतर लष्करी घोड्यांमधील काळपुळीचा सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अभ्यास केला. आजारी जनावराच्या रक्तात प्रत्यक्ष काय दिसते ते पाहिल्यावाचून कारणाविषयी बोलायचे नाही, ही त्यांची पद्धत या अभ्यासातून पक्की झाली.

१८७८ ते १८८० या काळात दुसरे अफगाण युद्ध चालू होते. सरहद्दीपलीकडे गेलेल्या फौजांची रसद उंट, खेचरे व बैल यांच्या पाठीवर जात होती. या मोहिमेत उंट हजारोंच्या संख्येने मेले. जादा ओझे, उपासमार व थंडी ही त्याची मुख्य कारणे होती. पण सिंधू नदीच्या खोऱ्यातील छावण्यांत, युद्धाचा प्रत्यक्ष संबंध नसतानाही, घोडे व उंट एका वेगळ्याच रोगाने दगावत होते. स्थानिक लोक त्याला सर्रा म्हणत. सडलेला, कुजलेला असा या शब्दाचा अर्थ सांगितला जातो.

सर्रा रोग

सर्रा झालेल्या घोड्याला ताप येतो, काही दिवसांनी तो उतरतो आणि पुन्हा चढतो. भूक शाबूत असते, जनावर चारा खात राहते, तरी दिवसेंदिवस खंगत जाते. डोळ्यांच्या आतील त्वचा फिकट पडते व तिच्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. पाय व पोटाखालचा भाग सुजतो. मागचे पाय लटपटू लागतात. घोड्यांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यू ओढवतो. उंटांत हा रोग दीर्घकाळही रेंगाळतो. कुत्र्यांनाही तो प्राणघातक ठरतो. गाई व म्हशी यांच्यात लक्षणे बहुधा सौम्य असतात, त्यामुळे परजीवी अंगात बाळगूनही त्या निरोगी भासतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत, माश्यांचा सुळसुळाट असताना, या रोगाचा प्रादुर्भाव वाढतो.

घोडदळाच्या दृष्टीने हे मोठेच संकट होते. शिकवून तयार केलेला घोडा लवकर बदलून मिळत नसे. पंजाब सरकारने १८८० मध्ये या रोगाची चौकशी इव्हान्स यांच्याकडे सोपवली आणि ते डेरा इस्माईल खान येथे दाखल झाले. सिंधूच्या पश्चिम तीरावरील हे गाव आज पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात आहे.

परजीवीचा शोध

इव्हान्स यांनी आजारी घोडे व उंट यांच्या रक्ताचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास सुरुवात केली. तांबड्या रक्तपेशींमधून वळवळत, त्यांना धक्के देत जाणारा एक लांबट जीव त्यांना दिसला. त्याचे एक टोक चाबकाच्या दोरीसारखे निमुळते होते. निरोगी जनावरांच्या रक्तात तो आढळत नव्हता.

एवढ्यावर त्यांनी निष्कर्ष काढला नाही. जीव रक्तात असणे आणि त्यानेच रोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजाराने दुबळ्या झालेल्या शरीरात तो मागाहून शिरला असेल अशीही शंका घेता येत होती. म्हणून त्यांनी आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावरांच्या शरीरात घालून पाहिले. घोडा व कुत्रा यांवर हे प्रयोग झाले. रक्त त्वचेखाली टोचण्यात आले, तसेच ते तोंडावाटे पाजूनही पाहण्यात आले. प्रयोगातील जनावरांच्या रक्तात तसेच परजीवी दिसू लागले व त्यांना रोग झाला. रोग एका जनावरातून दुसऱ्या जनावरात जातो, तो रक्तावाटे जातो आणि त्याच्याबरोबर हा परजीवीही जातो, हे यावरून स्पष्ट झाले.

स्थानिक घोडेवाले व उंटवाले यांच्याशीही त्यांनी चर्चा केली. मोठ्या तपकिरी माशीच्या चावण्याने सर्रा होतो अशी या लोकांची समजूत होती. इव्हान्स यांनी ती अडाणीपणाची म्हणून सोडून दिली नाही. तिची नोंद त्यांनी आपल्या अहवालात घेतली. ही समजूत बरोबर होती हे सिद्ध होण्यास पुढे वीस वर्षे जावी लागली.

इव्हान्स यांनी आपला अहवाल १८८० मध्येच सरकारला सादर केला. १८८१ व १८८२ मध्ये लंडनच्या व्हेटर्नरी जर्नल या नियतकालिकात त्यांची या विषयावरील लेखमाला प्रसिद्ध झाली. लेखाच्या शीर्षकातच, हा रोग बहुधा रक्तातील परजीवीमुळे होत असावा, असा सावध शब्दप्रयोग होता.

शोधाला झालेला विरोध

ट्रिपॅनोसोमा हे जीव शास्त्राला अगदी अपरिचित नव्हते. १८४० च्या दशकातच मासे व बेडूक यांच्या रक्तात ते आढळले होते आणि बेडकातील जीव पाहूनच या प्रजातीला नाव देण्यात आले होते. १८७८ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी उंदरांच्या रक्तातही असे जीव असल्याचे प्रसिद्ध केले होते. लुईस हेही मूळचे वेल्सचे. सैन्यातील डॉक्टर व भारत सरकारच्या आरोग्य खात्यातील संशोधक म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते.

लुईस यांनी पाहिलेले उंदीर मात्र धडधाकट होते. रक्तात परजीवी असूनही उंदीर आजारी पडत नाही, मग घोडाच का पडावा, असा आक्षेप निघाला. आक्षेप वरवर पाहता तर्कशुद्ध होता. एकाच घराण्यातील एक जीव निरुपद्रवी व दुसरा घातक असू शकतो, तसेच एकच जीव एका प्राण्यात सौम्य व दुसऱ्यात प्राणघातक ठरू शकतो, हे ज्ञान तेव्हा प्रस्थापित झालेले नव्हते. इव्हान्स यांच्याजवळ प्रयोगांचा पुरावा होता, पण अधिकाराचे पद नव्हते. पशुवैद्याने घोड्याच्या रोगावरून काढलेल्या निष्कर्षाने वैद्यकातील रूढ मत बदलावे हे अनेकांच्या पचनी पडले नाही. अहवाल सरकारी दप्तरात गेला आणि सर्राचे कारण अनिश्चितच आहे असे मानले जाऊ लागले.

शोधाला मिळालेला दुजोरा

इव्हान्स यांचे म्हणणे प्रथम पडताळून पाहिले ते दुसऱ्या एका लष्करी पशुवैद्याने. १८८५ मध्ये जॉन हेन्री स्टील यांना ब्रह्मदेशातील वाहतुकीच्या खेचरांमध्ये पसरलेल्या प्राणघातक रोगाच्या तपासासाठी पाठवण्यात आले. तेथील खेचरांच्या रक्तात स्टील यांना तोच परजीवी आढळला आणि रोग रक्तावाटे संक्रमित होतो हेही दिसून आले. जीवाचे वर्गीकरण करण्यात त्यांची चूक झाली, त्यांनी तो मळसूत्राकार जंतू समजला. परंतु त्याला नाव देताना त्यांनी ते इव्हान्स यांच्यावरून दिले. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, मुंबईत परळ येथे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. १८९१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

१८८६ मध्ये एडगर क्रुकशँक यांनी लंडनमध्ये या परजीवीचा बारकाईने अभ्यास केला. त्याच्या शरीराला कडेने लाटेसारखे हलणारे पातळ पटल असल्याचे व त्याचे उंदरांतील जीवांशी साम्य असल्याचे त्यांनी दाखवले. १८८८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बाल्बिआनी यांनी तो ट्रिपॅनोसोमा या प्रजातीत समाविष्ट केला. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे नाव तेव्हापासून रूढ आहे.

महाराष्ट्राशी या रोगाच्या संशोधनाचा आणखी एक संबंध आहे. डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर विस्तृत संशोधन केले. घोड्यांच्या सर्रावरील त्यांचा अहवाल १८९३ मध्ये मुंबईत छापला गेला. पुढे ही प्रयोगशाळा कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच विकसित झाली आहे.

१८९५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस यांनी आफ्रिकेतील झुलुलँडमध्ये गुराढोरांच्या नगाना या रोगाचे कारण ट्रिपॅनोसोमाच असल्याचे व तो त्सेत्से माशीमुळे पसरत असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर काही वर्षांतच मनुष्याला होणाऱ्या आफ्रिकी निद्रारोगाचे मूळही याच वर्गातील परजीवींमध्ये सापडले. १९०१ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी सर्रा रोग गोमाशीच्या चाव्याने पसरू शकतो हे प्रयोगाने दाखवले. त्सेत्से माशीच्या शरीरात परजीवीची वाढ होते, गोमाशीच्या बाबतीत तसे घडत नाही. आजारी जनावराचे रक्त पिताना तिला हुसकावले तर ती लगेच दुसऱ्या जनावराला चावते आणि तिच्या सोंडेला लागलेल्या रक्ताबरोबर परजीवी त्याच्या अंगात जातो. डेरा इस्माईल खानच्या उंटवाल्यांचे निरीक्षण अशा रीतीने खरे ठरले. याच सुमारास सर्राने मॉरिशस व फिलिपाइन्समध्येही घोडे व इतर जनावरांचा मोठा संहार केला आणि हा रोग केवळ पंजाबपुरता नाही हे सर्वांच्या ध्यानात आले.

निवृत्ती आणि सन्मान

इव्हान्स १८९० मध्ये लष्करी सेवेतून निवृत्त झाले व उत्तर वेल्समधील बँगोर येथे स्थायिक झाले. तेथील विद्यापीठ महाविद्यालयात त्यांनी सुमारे वीस वर्षे पशुआरोग्य या विषयाचे अध्यापन केले. विद्यार्थ्यांत शेतकऱ्यांची मुले बरीच असत. ज्या समाजातून इव्हान्स स्वतः आले होते, त्याच समाजापर्यंत हे ज्ञान त्यांच्या हातून पोहोचले.

उष्णकटिबंधीय रोगांच्या संशोधनात ट्रिपॅनोसोमा हा एक प्रमुख विषय बनल्यावर आद्य संशोधकाचे स्मरण झाले. लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेने १९१७ मध्ये त्यांना मेरी किंग्जली पदक प्रदान केले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. १९१८ मध्ये या संस्थेच्या नियतकालिकाने त्यांचे आत्मचरित्रपर टिपण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या संस्थेने त्यांना जॉन हेन्री स्टील स्मृतिपदक दिले. शोधाला सर्वांत आधी दुजोरा देणाऱ्या, वीस वर्षांनी लहान असलेल्या आणि सत्तावीस वर्षांपूर्वीच दिवंगत झालेल्या सहव्यावसायिकाच्या नावाचे हे पदक होते. वेल्स विद्यापीठानेही त्यांना मानद डी.एस्सी. पदवी देऊन गौरवले.

निधन

७ ऑगस्ट १९३५ रोजी इव्हान्स यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्यांचा जन्म झाला तेव्हा व्हिक्टोरिया राणी गादीवर आलेली नव्हती. पहिल्या महायुद्धात लष्करी पशुवैद्यक दलाने रोगनिदानासाठी सूक्ष्मदर्शक व रक्ततपासणी यांचा नित्य वापर केला, ते पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले. घोड्यांच्या जागी मोटारी व रणगाडे येऊ लागलेलेही त्यांच्या हयातीतच घडले. शताब्दीनंतर बरोबर चार महिन्यांनी, ७ डिसेंबर १९३५ रोजी, बँगोर येथे त्यांचे निधन झाले.

महत्त्व

इव्हान्स यांच्या शोधाचे महत्त्व एका रोगापुरते मर्यादित नाही. जंतूंप्रमाणेच आदिजीवही सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करू शकतात ही कल्पना रुजण्यापूर्वी त्यांनी तिचा प्रायोगिक आधार मिळवला. मलेरियाचा परजीवी लाव्हेराँ यांना अल्जीरियात दिसला तोही १८८० मध्येच. दोघेही लष्करी सेवेतील अधिकारी होते आणि दोघांनाही सुरुवातीला अविश्वासाला तोंड द्यावे लागले. लाव्हेराँ यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. इव्हान्स यांचे नाव मात्र पशुवैद्यकाच्या बाहेर फारसे पोहोचले नाही.

सर्रा आजही आशिया, उत्तर आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत आढळतो. भारतात राजस्थान व गुजरातमधील उंट, तसेच घोडे, म्हशी व कुत्रे यांच्यात तो दिसून येतो. निदानासाठी आजही ताज्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. उपचारासाठी क्विनापायरामीन व सुरामीन ही औषधे वापरली जातात. इव्हान्स यांच्या काळात या रोगावर कोणताही खात्रीचा इलाज नव्हता.

हा परजीवी माणसाला बाधत नाही असे दीर्घकाळ मानले जात होते. माणसाच्या रक्तातील एक प्रथिन त्याला नष्ट करते. २००४ मध्ये महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आढळला. मनुष्यातील या संसर्गाची ही पहिली खात्रीशीर नोंद होय. त्या रुग्णाच्या रक्तात संरक्षण करणारे ते प्रथिन नव्हते असे पुढील संशोधनात दिसून आले. सुरामीनच्या उपचाराने तो बरा झाला. एक परजीवी कोणाला मारतो व कोणाला सोडतो हे त्याच्या यजमानाच्या शरीरावरही अवलंबून असते, हे या घटनेने स्पष्ट केले. उंदरांच्या दाखल्यावरून १८८० मध्ये इव्हान्स यांच्या निष्कर्षावर घेण्यात आलेल्या आक्षेपाचे उत्तरही हेच आहे.